वाड्यावर एकही कुत्रा नाही

आरोग्य केंद्रातली दिपाली वाड्यावर आली ती चांगलं सांगायलाच आली होती, पण आमच्या बाप्यांच्या कानांचं काय करायचं! शेजारच्या वाड्यावरचा एकजण तापानं गेला होता, आणि तो ताप कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून येतो, असं ती देवळाच्या मंडपात उभी राहून घसा कोरडा करून सांगत होती. "कुत्र्यांना औषध लावा. गोचीड नखानं चिरडू नका. ताप आला, तळहातांवर लाल ठिपके उठले, तर डॉक्टरांना आधी गोचिडांचं सांगा. गोळ्या वेळेवर मिळाल्या की माणूस वाचतो." एवढं सगळं बोलली बिचारी. बाप्यांनी त्यातलं फक्त कुत्रं तेवढं उचललं.

कमलाक्षीनं मात्र शब्द न शब्द ऐकला होता. तिचा नवरा गौरेश तरातरा उठून गेला तेव्हाच तिनं पुढचं ओळखलं. खाण बंद पडून त्याचा ट्रक अंगणात उभा राहिल्यापासून त्या माणसाच्या अंगात राग नुसता साठून होता, आणि तो कुणाच्या तरी टाळक्यावर उतरल्याशिवाय राहणार नव्हता.

त्याच दुपारी पाच-सहा जण दांडे आणि पहारी घेऊन निघाले. वाड्यावर कुत्री होती ती शेजारच्या स्वप्नीलची तीनच. ती त्याच्या काजूच्या बागेत रानडुकरांवर राखणीला असायची, आणि स्वप्नील स्वतः पेडण्याला बहिणीकडे गेलेला. ओळखीची माणसं बघून कुत्री शेपट्या हलवत पुढे आली. देवा रे, शेपट्या हलवत! गौरेशनं पहिल्याच्या डोक्यात दांडा घातला तो एवढ्या जोरानं की ते ओरडलंसुद्धा नाही. दुसऱ्याचा कणा मोडला. मागचे पाय फरफटत ते मागून धावत आलेल्या कमलाक्षीच्या पायांशी आलं, कारण रोज उरलेली पेज तीच त्याला घालायची.

"सोडा हो! त्यानं काय केलंय तुमचं?"

"बाजूला हो गे, नाहीतर तुझं पण टाळकं फोडीन!"

त्यानं तिला ढकललं आणि दांडा खाली आणला, एकदा, दोनदा, ते हलायचं थांबल्यावरही. रक्ताचे शिंतोडे तिच्या लुगड्यावर उडाले. तिसरी कुत्री राखणीच्या माचाखाली लपली होती. तिला तंगडीला धरून ओढली आणि पहारीनं मारली.

मग गौरेशनं तिन्ही ऊन ऊन मढी काजूच्या गोणीत कोंबली, गोण खांद्यावर मारली आणि डोंगर चढून खाणीच्या पाणी भरलेल्या खड्ड्यात रिकामी केली. गोण मात्र परत आणली. काजूचा हंगाम, गोणींची मारामार, धड गोण कोण टाकतो? तीच घडी करून उशाला घेतली आणि मेला मर्दुमकी गाजवल्यासारखा ओसरीवर आडवा झाला. कुत्रं थंड पडलं की गोचीड त्याला सोडतात आणि जवळचं ऊन अंग शोधतात, एवढी साधी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

"अहो, मानेवर!" कमलाक्षी किंचाळली.

गौरेशनं मानेवरचा टपोरा गोचीड उपटला आणि अंगठ्याच्या नखाखाली चिरडला. बोटं रक्तानं माखली, ती त्यानं लुंगीला पुसली. "हा शेवटचा," म्हणाला आणि हसला.

स्वप्नील परतला तो वेड्यासारखा ओरडत प्रत्येक दारात गेला. कुणी तोंड उघडेना, तेव्हा त्यानं पोलिसांत तक्रार दिली. गौरेशनं कमलाक्षीचे केस मुठीत धरून तिला बजावलं, "बोललीस तर जीभ हासडीन."

आठवडाभरानं तो तापानं फणफणला. डोकं फुटतंय म्हणून भिंतीवर आपटू लागला, तेव्हा त्याला मोठ्या इस्पितळात नेला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात, आजूबाजूला कुत्री आहेत?"

"आमच्या वाड्यावर एकही कुत्रा नाही," गौरेश म्हणाला. आणि त्यात खोटं तरी कुठं होतं!

डॉक्टरांनी डेंग्यू धरून सलाईन लावलं. ताप हटेना, लघवी कमी झाली, माणूस मधूनच बरळू लागला. कमलाक्षीनं त्याचा हात उलटा केला तर तळव्यावर लाल ठिपके. त्याला शुद्ध होती तेवढ्यात त्यानं मूठ मिटली आणि तिचं मनगट असं आवळलं की नखं आत रुतली. "गप," तो पुटपुटला, "तुरुंगात जाईन मी."

तिच्या मनात आलं, जाऊ दे मेला, स्वतःच्या कर्मानं जातोय. हो, आलं मनात, का येऊ नये? पण तुरुंगातून माणूस परत येतो, मसणातून येत नाही. तिनं मनगट सोडवलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "डॉक्टर! यांनी स्वप्नीलची तीन कुत्री मारली! गोण खांद्यावरून नेली, गोचीड नखानं चिरडला, हे ठिपके बघा!"

डॉक्टर धावत आले, ठिपके बघितले, "हे आधी सांगायचं नाही?" म्हणून कडाडले आणि औषध बदललं.

ताप उतरला. पण वॉर्डात ओरडलेली गोष्ट वॉर्डात थोडीच राहते! गौरेश उठून बसायला लागला त्याच सकाळी पोलीस येऊन जबाब घेऊन गेला. त्याची पाठ वळली मात्र, गौरेशनं सगळा जोर काढून कमलाक्षीच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फुटला. शेजारच्या खाटेजवळ बसलेली म्हातारी "आवय गे!" करून उठली आणि नर्स धावत आली.

कमलाक्षीनं पदरानं रक्त टिपलं. "बघा सिस्टर," ती म्हणाली, "हाताला जोर आला. हे वाचले." मग त्याच्याकडे वळली. "आज एकदा हात उचललात तो उचललात. पुन्हा उचललात तर स्वप्नीलच्या बाजूनं साक्ष द्यायला मीच उभी राहीन."

गौरेशचा हात पुन्हा उठला होता. त्यानं तो चादरीखाली घेतला.