कापलेल्या कडा

शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी लावलेला माइक विमेकाकांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिला, खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले,

“आता खरी गंमत सांगतो.”

कॅमेऱ्यामागच्या मुलीने मान हलवली. तिला हवं होतं ते केव्हाच मिळालं होतं. पण काकांची गाडी एकदा सुटली की मधल्या स्टेशनांवर थांबत नसे, आणि ती मुलगी काही कुणाला मध्येच तोडणाऱ्यातली नव्हती.

जन्मभर विमा विकलेला माणूस तो. बोलणं हेच त्यांचं भांडवल. बायको गेल्यापासून ते नुसतं पडून होतं. मुलगा लांबच्या शहरात, फोनवर “बरं बाबा, ठेवू?” इतक्या गोडीने म्हणायचा की त्याच्यावर रागावताही यायचं नाही. घरात शिरताना “आलो गं” म्हणायची जुनी सवय मात्र काकांनी सोडली नव्हती. ते ऐकून शेजारीण डोळ्यांना पदर लावायची, आणि खरं सांगायचं तर काकांना त्याचं जरा बरंही वाटायचं.

म्हणूनच मुलाखतीसाठी फोन आला तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. नवरा-बायकोच्या न जमलेल्या संसाराचा तो जुना सिनेमा आता साफसूफ करून पुन्हा डिस्कवर निघणार होता. निम्म्याहून जास्त सिनेमा काकांच्या तीन खोल्यांत चित्रित झालेला. तेव्हा सिनेमावाल्यांकडे सेट उभारायला पैसा नव्हता आणि काकांकडे नाही म्हणायला कारण नव्हतं. डिस्कसोबत जुन्या आठवणींचा छोटासा भागही जोडायचा होता. काकांनी सकाळी दोन शर्ट इस्त्री करून त्यातला एक निवडला होता.

“तर गंमत अशी,” काका म्हणाले, “सिनेमा लागला आणि आमच्या हिला तो सगळा पाठ झाला. एकदा मला घरी यायला उशीर झाला. पाहतो तर ही पलंगावर बसलेली, अगदी त्या नटीसारखी. आणि मान वर करून मला म्हणते, ‘तुम्ही बाहेर असता तोवर मी एकटी नसते. तुम्ही घरी येता, तेव्हा होते.’ सिनेमातलं वाक्य, जसंच्या तसं. मी बॅग खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. म्हटलं, वन्स मोअर.”

ते हसले. मुलगीही हसली.

“मग काय म्हणाल्या त्या?”

“काय म्हणणार? पान वाढायला आत गेली. पण मी ती गंमत सगळीकडे सांगायचो. लग्नात, मुंजीत, ऑफिसच्या पार्टीत. ही नेमकी तेव्हाच पाणी आणायला उठायची. लाजाळू फार.”

मुलीने कॅमेरा बंद केला आणि त्यांचा माइक सोडवला. तिचं मूळ काम सिनेमा दुरुस्त करण्याचं. फिल्मवरचे ओरखडे, डाग, धूळ ती एकेका चित्रातून उचलायची; कंपनी छोटी म्हणून मुलाखतीही तिच्याच गळ्यात पडल्या होत्या.

“काका, घाई नसेल तर एक दाखवायचं होतं.”

घाई. काकांना हसूच आलं.

शेजारच्या अंधाऱ्या खोलीत मोठा पडदा होता. त्यावर काकांची झोपायची खोली उभी होती: त्यांचा पलंग, त्यांचे पडदे, खिडकीचा तो कधीच नीट न बसणारा कोयंडा. इतकं स्वच्छ, की काकांनी नकळत चपला काढल्या.

“तुम्ही कॅसेटवर पाहत असाल आजवर,” मुलगी म्हणाली. “टीव्हीच्या चौकोनात बसावं म्हणून तेव्हा दोन्हीकडच्या कडा कापायचे. आता मूळ फिल्मवरून घेतलंय, म्हणजे चित्र पूर्ण रुंद आहे. ही उजवी कड बघा.”

उजव्या कडेला कपाट होतं. कॅसेटमध्ये ते कधीच दिसलं नव्हतं. थिएटरात दिसलं असणार, पण आपल्या पलंगावर नटी बसली आहे यापलीकडे तेव्हा लक्ष होतं कुणाचं? कपाटाच्या आरशात दाराची चौकट दिसत होती आणि चौकटीला टेकून कुणीतरी उभं होतं.

“चुकून आलंय. दिग्दर्शक सर म्हणतात, काढून टाक. मी म्हटलं, आधी विचारावं. ओळखता का कोण ते?”

काका पडद्याजवळ सरकले. एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून उभं राहायची तिची जुनी खोड. ओटीपोटाशी धरलेले ओले हात. फोटो होते तिचे, नाही असं नाही. पण सगळे लग्नकार्यातले, ताठ, कुणीतरी “इकडे बघा” म्हणून ओरडल्यावर काढलेले. ही इकडे बघत नव्हती. ही श्वास घेत होती.

“आमची ही,” काका म्हणाले. “पुन्हा लावतेस?”

तिने पुन्हा लावलं. मग न सांगता आणखी एकदा लावलं. काकांचा जीव त्या कोपऱ्यात अडकला होता. हिला काढून टाकणार म्हणजे काय? एकदा घालवली ती पुरे झाली नाही का?

“ओठ हलताहेत त्यांचे,” मुलगी म्हणाली.

“मघाशी सांगितलं ना मी? पाठ होता तिला सगळा.” काकांच्या आवाजात ऐट आली.

मुलीने चित्र सावकाश सोडलं. नटी पलंगावर बसलेली, मान खाली. आरशात ओठ हलले. मग नटीने मान वर केली आणि तिचे हलले.

“काका, नटीच्या आधी या बोलताहेत.”

तेवढ्यात काठीचा आवाज आला आणि दिग्दर्शक आत आले. आता बरेच वाकले होते. काकांनी नमस्कार म्हणताच त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि मिठीच मारली.

“साहेब, तेवढी आमची ही काढू नका,” काका घाईने म्हणाले. विमा विकताना त्यांनी कधी कुणाची इतकी मनधरणी केली नव्हती. “चूक असली तरी राहू द्या.”

“कोण, वहिनी?” दिग्दर्शक पडद्याजवळ गेले, डोळे बारीक करून पाहत राहिले आणि खळखळून हसले. “अरे, वहिनीच की. मी म्हणत होतो, कुठला तरी कामगार घुसलाय. पण त्या तिथे उभ्या होत्या त्या माझ्याच सांगण्यावरून. आरशाचं भान राहिलं नाही, एवढंच.”

“तुमच्या सांगण्यावरून?” मुलीने विचारलं.

“तर काय. या प्रसंगाला लेखकाने पानभर भाषण लिहिलेलं. नटीच्या तोंडात ते काही केल्या बसेना. सगळे वैतागलेले. वहिनी चहा घेऊन आल्या. मी आपलं सहज विचारलं, वहिनी, तुम्ही काय म्हणाला असता हो? त्यांनी कप ठेवले, ट्रे पुसला आणि ते वाक्य म्हणाल्या. लेखकाने स्वतः पान फाडलं. नटी इतकी हेलावली की दोन शब्द धड येईनात, म्हणून वहिनींना म्हटलं, तुम्ही दारात उभ्या राहा, तिला दिसेल असं म्हणत राहा. हे तेव्हा घरी नव्हते, फिरतीवर.”

ते काकांकडे वळले.

“तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी.”

काकांनी हसायचा प्रयत्न केला. जन्मभर वेळ मारून नेणारं ते हसू आज काही जमेना.

“नाव घालतो म्हटलं, तर नको म्हणाल्या,” दिग्दर्शक सांगतच होते. “म्हणाल्या, नाव कशाला? ह्यांना ऐकल्यावर कळेलच.”

पडद्यावर चित्र थांबलं होतं. काकांना पहिला खेळ आठवला. या वाक्याला त्यांनी अंधारात तिला कोपराने ढोसलं होतं आणि म्हटलं होतं, लिहिणाऱ्याने काय डायलॉग लिहिलाय. ती त्यांच्याकडे वळून पाहत होती. बराच वेळ पाहत होती. त्यांना वाटलं होतं, सिनेमा पाहून पाणी आलं तिच्या डोळ्यांत.

आणि मग ती उशीर झालेली संध्याकाळ. तिने दुसऱ्यांदा सांगून पाहिलं होतं. या वेळी कुणाला मध्ये न घालता, स्वतःच्या तोंडाने. त्यावर टाळ्या. त्या टाळ्या त्यांना आता इतक्या स्पष्ट ऐकू आल्या की त्यांनी हात काखांत दाबून धरले.

“मग काय करू, सर?” मुलीने विचारलं. “काढू की ठेवू?”

“त्यांची बायको. त्यांना विचार.”

“राहू दे,” काका म्हणाले. “ती राहू दे. मघाशी मी बोललो ना बाळ, ती टाळ्यांची गंमत. ती काढता येईल?”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर यंत्राकडे वळवली.

“येईल की. पण बाकी सगळं सिनेमावाल्यांविषयी आहे, काका. काकूंबद्दल तुम्ही तेवढंच बोललात. ते काढलं तर त्यांच्याविषयी काही राहणार नाही.”

“हो,” काका म्हणाले. “मला तेवढंच माहीत होतं.”

चपला पायात घालायला त्यांना वेळ लागला. दिग्दर्शक चहाला थांबा म्हणाले. काका, कुणी आग्रह केला तर कधी न उठणारे, नको म्हणाले.

जिन्यात शेजारीण भेटली. तिने विचारलं, कशी झाली मुलाखत? काका म्हणाले, झाली. ती आणखी ऐकायला थांबली, पण पुढे काही आलं नाही.

काकांनी कुलूप काढलं. दार उघडलं. आत दुपारचं ऊन पलंगापर्यंत आलेलं होतं आणि कपाट जिथल्या तिथे उभं होतं. उंबऱ्यावरच त्यांच्या ओठांशी नेहमीचे दोन शब्द आले. शेजारीण अजून जिन्यातच होती, तीही त्या शब्दांची वाट पाहत असावी.

ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि आवाज होणार नाही अशा बेताने त्यांनी दार लावून घेतलं.