बारा ठिपके

अट अप्पांनी स्वतःच घातली होती, तीही डॉक्टरांच्या समोर. "ज्या दिवशी मला माझा कॉम्प्युटर उघडता येणार नाही, त्या दिवशी मला खुशाल वृद्धांच्या संस्थेत नेऊन सोडा. तोवर माझ्या खोलीतून मला कुणी हलवायचं नाही."

मुलगा हसत म्हणाला, "मान्य." मुलगी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवत होती. तिला घरात सगळे ताईच म्हणायचे, अप्पासुद्धा.

मुलगा परगावी राहायचा. संस्थेच्या अर्जावर दोघा भावंडांच्या सह्या लागत होत्या. ताईने आपली सही दोन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. भाऊ मात्र दर वेळी फोनवर तेच ऐकवायचा, "अगं, जो माणूस सकाळी उठून स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः उघडतो, त्याला संस्थेत कसं टाकायचं? आणि तू आहेस, म्हणून मी निर्धास्त आहे."

अप्पा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आरेखक होते. जमिनीखालचे नळ कागदावर काढण्यात त्यांची उभी हयात गेली. आता तेच नकाशे ते आठवतील तसे कॉम्प्युटरवर काढत बसत. आठवण विरत चालली होती. जेवण झालं की नाही ते विचारावं लागे, पोस्टमनला ते कचेरीतला शिपाई समजत. पण रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसत आणि बारा अक्षरांचा पासवर्ड टाकत. तो त्यांना तोंडाने सांगता येत नव्हता. "माझ्या बोटांना विचार," असं म्हणत. देवापुढे हात जोडावेत तसा तो त्यांचा नेम होता, आणि त्या नेमावर ते तगून होते.

ताई एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कामाला होती. आखडलेले खांदे, गळून गेलेले हात, सुजलेली बोटं दिवसभर तिच्या हाताखालून जात. पेशंटच्या नातेवाइकांना तिचं एकच सांगणं असे, "घास तुम्ही भरवू नका. बटण तुम्ही लावू नका. तुम्ही माया कराल आणि हात विसरून जाईल." हे वाक्य तिला झोपेतही आलं असतं. अप्पांच्या रात्रीच्या जागण्यामुळे चार वर्षं तिला सलग झोप नव्हती. घरी आली की अप्पा म्हणत, "आल्या, लोकांचे पाय ओढून." पाहुण्यांसमोर म्हणत, "हिला कुणी नेली नाही, म्हणून मला पुरली." मग स्वतःच हसत.

एका सकाळी अप्पांची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा स्क्रीन उघडली. त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात ताई उभी होती.

"बघितलंस वाटतं."

"नाही हो."

"बघितलंस. आता लाव तुझ्या भावाला फोन."

ताई आत आली. त्यांचा उजवा हात तिने आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट चोळू लागली. हे ती दवाखान्यात करायची, घरी कधी नाही.

"अप्पा, याला एक सोय असते. पासवर्ड न विचारता आपला आपण उघडतो. तुम्ही नुसतं बटण दाबायचं. मग चुकायचा प्रश्नच नाही."

"ही लबाडी झाली."

"कुणाला कळणार आहे? दादाला सांगायचं नाही, डॉक्टरांना नाही. आपल्या दोघांतच राहील."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "तुला मी काय काय बोललो गं आजवर," ते म्हणाले.

"असू दे. बोटं सैल सोडा."

तिने सेटिंगची खिडकी उघडली. 'पासवर्ड विचारावा' या ओळीपुढची खूण काढली. पुढे आलेल्या चौकटीत एकदा पासवर्ड हवा होता, खात्रीसाठी खाली पुन्हा एकदा. तो तिला ठाऊक नव्हता. ती बाजूला सरकली आणि अप्पांनी आपल्या हातांनी तो दोनदा टाकला. प्रत्येक चौकटीत बारा ठिपके उमटले. दोन्ही वेळा एकही चूक झाली नाही.

"बघ," अप्पा म्हणाले, "अजून येतंय मला."

"येतंय ना. मग आता विसावा घ्या."

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर आपोआप उघडू लागला. अप्पा लहान मुलासारखे खूश झाले. आठवडाभर त्यांनी तिला टोमणा मारला नाही. शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं, "माझी ताई म्हणजे सोनं आहे हो." महिन्याभरात ते अंघोळीआधीच खुर्चीत बसू लागले. पुढे इस्त्रीचा शर्टही राहिला. ताईने तो घडी करून कपाटात ठेवला. सकाळी ती त्यांचा हात चोळून द्यायची आणि दवाखान्यात जाऊन नातेवाइकांना सांगायची, घास भरवू नका.

दहा आठवडे गेले. एका सकाळी बोटं चोळता चोळता तिने सहज विचारावं तसं विचारलं, "अप्पा, त्या पासवर्डची सुरुवात कुठल्या बोटाने व्हायची हो?"

अप्पांनी डावा हात उचलला. मग उजवा उचलला. मग दोन्ही मांडीवर ठेवले. "व्हायची की," ते म्हणाले.

त्याच दिवशी तिने भावाला फोन केला. "या रविवारी येऊन जा. मला एकटीला ठरवता येत नाही रे. तूच डोळ्यांनी बघ."

शनिवारी संध्याकाळी अप्पा गॅलरीत बसले असताना तिने 'पासवर्ड विचारावा' पुढची काढलेली खूण परत लावली.

रविवारी भाऊ बॅग घेऊनच खोलीत आला. "काय अप्पा, कसं काय? दाखवा तुमचे नकाशे."

अप्पा ऐटीत बसले. बटण दाबलं आणि हात बांधून मागे रेलले. स्क्रीनवर रिकामी चौकट आली. ते थांबले. भाऊही थांबला.

"अप्पा, पासवर्ड."

"येईल आता. उघडतो आपला आपण."

"आपला आपण कसा उघडेल?"

अप्पांनी ताईकडे पाहिलं. ती त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होती. त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली, चार कळा दाबल्या, थांबले, पुसल्या. पुन्हा दाबल्या. चूक. पुन्हा चूक.

"सावकाश," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"अरे, हा रोज आपोआप उघडतो. ताईनेच करून दिलंय. सांग ना गं त्याला. मी काही बोलणार नाही, तूच सांग."

भावाने बहिणीकडे पाहिलं. ताईने अभ्र्याची टोकं नीट ओढली, उशी ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "हल्ली असंच म्हणतात रे. नळ आपोआप सुटतो, दार आपोआप लागतं. मी आता वाद घालत नाही."

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले.

"माझ्या हाताने टाकला मी तो. दोनदा. ती इथे बसली होती, माझी बोटं चोळत होती."

"ताई, हे काय म्हणतायत?"

"हात चोळते मी त्यांचा रोज. तेवढं खरं आहे."

भावाने डोळे पुसले. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "किती सोसलंस गं तू, आणि मला फोनवर काही कळूही दिलं नाहीस." तिने मान खाली घातली. मग कपाटातून अर्जाचा कागद काढून तिने त्याच्या हाती दिला आणि पेन शोधायला बाहेर गेली.

ती परत आली तेव्हा अप्पा आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते.

"ताई खोटं कशाला बोलेल?" ते मुलाला म्हणाले. "तिच्याएवढं माझं कुणी केलं नाही. मलाच तसं वाटलं असेल."

भावाने कागद टेबलावर सारखा केला आणि सही केली. अप्पा ती वाळेपर्यंत थांबले. मग त्यांनी विचारलं, "तिकडे सकाळी किती वाजता उठवतात रे?"