माशाचं तोंड कुणाकडे

"बस, बस, तू बस!"

सासूबाईंनी रोसित्साच्या हातातली कांद्याची पात जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि धाकट्या सुनेच्या पुढ्यात टाकली. "श्यूयुन, बघतेस काय? चीर ही. आणि मागच्यासारखी लांब लांब नको. घोड्याला घालायचीय का?"

श्यूयुनने नाक मुरडलं आणि 'बघा, पुन्हा मीच,' अशा नजरेने जावेकडे पाहिलं. रोसित्सा रिकाम्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ते घोड्याचं बोलणं कधीतरी आपल्या वाट्याला यावं, असं तिला फार वाटलं.

हसू नका. शानदोंगमधल्या या घरात ती लग्न करून आली त्याला बारा वर्षं झाली होती. गुओलिन बल्गेरियात प्लोव्दिवला यंत्रं बसवायला गेला आणि येताना बायको घेऊन आला. गावात कपबश्यांचे कारखाने. त्यातल्या एकात रोसित्सा रोज आठ तास कपांच्या कडांवरून बोट फिरवून टवका शोधायची. तिथला मुकादम तिच्यावर सगळ्यांसारखाच खेकसायचा. घरी मात्र लुओशी (तिचं इथलं नाव) म्हणजे तळहातावरचा फोड. भांडं घासायला घेतलं की "तू बस". पीठ मळायला गेली की "तू बस". श्यूयुनला दिवसभर सासुरवास आणि हिला सासरी राहून माहेरपण! श्यूयुन म्हणायची, "तुझं नशीब मला दे गं." रोसित्सा मनात म्हणायची, घे की.

आणि तो मासा! पंगतीला यजमानाच्या उजव्या हाताची मानाची खुर्ची कायम तिची. अख्खा मासा ताटात आला की त्याचं तोंड तिच्याकडे फिरवायचे. तिने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी तिला भारी वाटलं. पाचव्या वर्षी ती त्या माशाच्या डोळ्याकडे न बघता घास घ्यायला लागली. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हा शोकाचं पांढरं कापड नीट बांधलं नाही म्हणून श्यूयुनला बोलणी बसली. रोसित्साला मिळालं एक स्टूल आणि पेलाभर गरम पाणी. त्या स्टुलावर बसून ती खूप रडली, अर्धी सासऱ्यांसाठी आणि अर्धी त्या स्टुलापायी.

हे सगळं ती फोनवर आईला सांगायची. आता ती आईच आली होती. नेवेनाबाई, जन्मभर शिवणकाम केलेली, सडसडीत, करारी. काल रात्री उशिरा उतरली आणि आज सकाळी केस विंचरता विंचरता तिने विषय काढला.

"प्लोव्दिवच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. रंग दिलाय मी. गुओलिनला तिकडे काम मिळेल, मी विचारून ठेवलंय. माझ्या नातीला, यालीला, तिथली शाळा."

"मामो..." तिने आईला अडवलं.

"तूच म्हणतेस ना, मी इथे पाहुणी म्हणून? मग बारा वर्षं पाहुणचार झाला की. आता घरी ये."

ठरवायचं होतं रोसित्सालाच. गुओलिनने तर आधीच सांगून टाकलं होतं, "तू म्हणशील तसं." भला माणूस, पण असा भला माणूस अशा वेळी काही कामाचा नसतो. "आजचं जेवण होऊ दे," ती आईला म्हणाली. "मग सांगते." तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आजही आपण पाहुणीच ठरलो, तर जायचं.

दुपारी विहिणीच्या मानाची पंगत बसली. यजमानाच्या जागी गुओलिनचे थोरले काका. त्यांनी नेवेनाबाईंना हाताला धरून उजवीकडे बसवलं. मग डावीकडची खुर्ची ओढली.

"लुओशी, तू इथे. दोन नंबरचा मान तुझा."

"काका, मी तिकडे दाराशी बसते ना, श्यूयुनजवळ..."

"छे छे! दाराशी ताटं येतात-जातात. तिथे घरच्यांनी बसायचं."

घ्या. रोसित्सा निमूट बसली. झालं, ठरलं, तिने मनात म्हटलं. वरच्या मजल्याला कोणता रंग दिलाय ते आईला विचारायचं राहिलं होतं, तेही तिला आठवलं आणि डोळे भरून आले. ती खाली मान घालून वाटीकडे बघत राहिली. त्यामुळे समोर काय चाललंय ते तिला दिसलंच नाही.

समोर चालला होता गोंधळ. गोडआंबट रश्शातला अख्खा मासा आला, तोंड नेवेनाबाईंकडे फिरवलं गेलं. सासूबाईंनी गालाजवळचा मऊ तुकडा काड्यांनी उचलून विहिणीच्या ताटलीकडे नेला. नेवेनाबाई खुश झाल्या आणि त्यांनी जोरात आडवी मान हलवली. सासूबाईंच्या काड्या हवेतच थांबल्या. नको? बरं. त्यांनी मासा ठेवला, कमळकाकडी पुढे केली. नेवेनाबाई हसल्या, पुन्हा आडवी मान. मग मांसाचे गोळे. पुन्हा तेच. टोफू. पुन्हा तेच, आणि आता मान जरा जास्तच जोरात, कारण बाईंना कडकडून भूक लागली होती आणि अन्न जवळ येऊन परत जात होतं.

पाहुणी खात नाही तोवर माशाला हात लावायचा नाही. काकांनी आवंढा गिळला. सासूबाई सकाळी पाचपासून चुलीपुढे होत्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"लुओशी!"

रोसित्सा दचकली. हा आवाज तिने बारा वर्षं ऐकला होता, पण तो नेहमी तिच्या डोक्यावरून जाऊन श्यूयुनवर पडायचा.

"लक्ष कुठेय तुझं? तुझी आई एकेका पदार्थाला नाही म्हणतेय आणि तू बसलीयस इथे मातीच्या मूर्तीसारखी! काय खाते ती, सांगता येत नव्हतं आधी? ऊठ! पाहुणी आहेस का तू? आत जा, शेवया टाक उकळायला! आणि मागच्यासारखं मीठ जास्त..." सासूबाई अडखळल्या. मागचं असं काही नव्हतंच. "ते काही नाही! ऊठ!"

गुओलिनच्या हातातल्या काड्या पडल्या. श्यूयुनने तोंडावर हात ठेवला. नऊ वर्षांची याली आनंदाने ओरडली, "आईला ओरडा बसला!"

रोसित्सा उठली. आत गेली, बाह्या सरसावल्या, पातेलं चुलीवर ठेवलं. आतून कसलं तरी हसू उसळत होतं. पाहुणी आहेस का तू. पाहुणी आहेस का तू! पाण्याला आधण यायला लागलं तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती झारा घेऊनच दारात धावली.

"आई! अहो, ती हो म्हणतेय! आमच्याकडे आडवी मान म्हणजे हो!"

क्षणभर कुणाला काही उमगेना. आपली मान कशी हलते, हे लोकांना कळत नाही म्हणून रोसित्साने पहिल्याच वर्षी ती सवय मोडली होती. मोडली ती इतकी, की आईची मान तिलाच वाचता आली नव्हती.

"मग हे मेलं आधी नाही सांगायचं?" सासूबाई कडाडल्या. "उपाशी ठेवली की गं मी त्या बाईला!" आणि माशाचा निम्मा गाल त्यांनी विहिणीच्या ताटलीत वाढला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला, पण सासूबाईंचं संपलं नव्हतं. "आणि ते पाणी उतू चाललंय ते कोण बघणार? मी?"

रोसित्सा आत धावली. परत आली तेव्हा तिच्या खुर्चीवर याली बसली होती. श्यूयुनने दाराशी सरकून जागा दिली.

"ये, ये. आता कळेल," ती कानात पुटपुटली.

रोसित्साच्या वाट्याला माशाची शेपटी आली. ती तिने काट्यांसकट चोखून खाल्ली.

जेवणं आटोपल्यावर ती भांडी घासत असताना नेवेनाबाई आत आल्या. चेहरा उतरलेला.

"सगळ्यांसमोर ओरडली ती तुला."

"हो, मामो."

"आणि तू हसतेस?"

"बारा वर्षांत पहिल्यांदा ओरडल्या." फेसाचेच हात तिने डोळ्यांना लावले.

नेवेनाबाईंनी लेकीकडे नीट पाहिलं. चुरगळलेलं एप्रन, मनगटापर्यंतचा फेस, नळाखाली हात लांब करायची ती लहानपणापासूनची तऱ्हा.

"म्हणजे तू येत नाहीस."

"रागावलीस?"

बाह्या सरसावून नेवेनाबाईंनी लेकीच्या शेजारचं फडकं उचललं आणि एक ताटली पुसायला घेतली.

"बस, बस, तू बस!" रोसित्साच्या तोंडून निघून गेलं, तेही चिनी भाषेत. हातातली ताटली तिने काढूनसुद्धा घेतली होती.

आई भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. पाठ ताठ, रिकामे हात मांडीवर.

रोसित्साने ते हात पाहिले. तिने नळ बंद केला. संध्याकाळी ज्याओत्झ, म्हणजे इथल्या उकडलेल्या तिखट करंज्या, करायच्या होत्या, त्यांच्या चटणीसाठी टोपलीत लसूण काढून ठेवला होता. तिने टोपली उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"सगळा सोल," ती बल्गेरियनमध्ये म्हणाली. "आणि सालं खाली पाडू नकोस."

नेवेनाबाईंनी वर पाहिलं. मग हळूच आडवी मान हलवली.

तेवढ्यात सासूबाई दारात. "लुओशी! विहीणबाईंना कामाला लावलंस? काही अक्कल?" अशी तोफ डागत त्या आत आल्या, कोपऱ्यातलं बुटकं स्टूल पायाने ओढलं, आणि विहिणीला खेटून बसून त्याच टोपलीतली एक गड्डी फोडली.

दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. एकीने पाकळी सोलून वाटीत टाकली, मग दुसरीने टाकली. रोसित्साने पुन्हा नळ सोडला आणि उरलेल्या ताटल्या घासायला घेतल्या.