फटिकची तिसरी रेघ

बंगालात अजय नदीकाठी कीर्तनकारांच्या आखाड्यात होळीपौर्णिमेच्या दोलोत्सवाचं पहिलं आसन कोणाला, हे भिंत ठरवायची. सगळ्यात वर आद्यगुरूंचा ठिपका, त्याच्याशी आकडा एक. तिथून गुरूकडून शिष्याकडे तांदळाच्या पिठीच्या रेघा उतरत आलेल्या. प्रत्येकाने आपल्या सगळ्या गुरूंचे आकडे मिळवायचे, तो त्याचा आकडा. म्हणजे आद्यगुरूंच्या मुखातलं हरिनाम जितक्या वाटांनी त्याच्या गळ्यात उतरलं, तितका. ज्याच्या वाटा जास्त, त्याचं आसन.

गेल्या वर्षी रसमयचे पाच होते. फटिकचे दोन गुरू, तीन-तीनचे, म्हणून सहा. त्या एकाच्या फरकाने रसमयला वर्षभर अन्न गोड लागू दिलं नाही. काल आपल्यामागे झील धरणारा हा, आज आपल्यापुढे बसतो! कोणी फटिकची वाखाणणी केली की रसमय पाठ फिरवायचा. शेवटी पन्नाशीत नदीपार जाऊन त्याने आंधळ्या गोसाईंचे पाय चेपले आणि एक पद पदरात पाडून घेतलं. गोसाईंचे दोन. पाच नि दोन सात!

मोक्षदापिशी, सगळ्या आखाड्याची आत्या, म्हणजे भिंतीची राखणदार. तिने रसमयच्या ठिपक्याशी सात लिहिले. रसमयने फटिककडे तिरपा डोळा टाकला.

“आणखी कोणाचा गुरू राहिलाय का रे?” पिशीने रिवाजाप्रमाणे विचारलं.

फटिक पुढे आला. “माझा राहिलाय, पिशी. इतकी वर्षं धीर झाला नाही. विरहाच्या पदात ओळींमध्ये मी आपल्या बोलीतल्या जोडीच्या ओळी घालतो ना, ती आखरं मला रसमयदांनी दिली.”

सहा नि सात तेरा! रसमयने भिंतीवरच्या आपल्या सातकडे पाहिलं. आपण मिळवू ते सगळं ह्याच्याच ओंजळीत?

“गुरूने तोंडाने म्हटल्याशिवाय रेघ नाही,” पिशी म्हणाली. “रसमय, शिकवलंस का बाबा?”

“आठवत नाही.”

“मग यतीनकडून उचलली असतील,” मागून कोणीतरी म्हणालं. “यतीनची आखरं गोडच.”

“यतीन?” रसमय ताडकन उठला. “त्या बेडकाला सात जन्मांत जमायची नाहीत! माझी आहेत ती. दोन हिवाळे घासून घासून मी शिकवलीत ह्याला!”

पिशीचं बोट पिठीत बुडालं. रेघ उतरली. तेरा.

“मग मीही फटिककडून एक पद घेतो! त्याचे तेरा माझ्यात मिळव.”

“आणि तुझे पुन्हा त्याच्यात?” पिशीला हसू आवरेना. “मेल्या, मोजता मोजता मी वैकुंठाला पोचेन की! रेघ खालीच उतरते, कृपेसारखी.”

फटिक आसनाशी उभाच. गुरूने म्हटल्याखेरीज बसेना.

“बस की,” रसमय दात आवळून म्हणाला. “का आता उचलून बसवू?”

मृदंग घुमला. विरहाचं पद आलं. रसमय कान लावून बसला. एक मात्रा जरी ढळली असती, तरी त्याच्या जिवाला बरं वाटलं असतं. ढळली नाही. श्वाससुद्धा फटिकने बरोबर रसमयने शिकवलेल्या जागीच घेतला. रसमयच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच त्याला संताप आला.