रुक्मिणीचे दात

हार ओवायच्या सुईत जमुनेनं नवा दोरा घातला, त्याला मेण चोळलं आणि नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड उन्हाकडं वळवलं.

"आ करा. अजून मोठा."

शालिकरामनं आ केला. वरच्या दातांवरून एक बारीक पिवळी तार गेली होती. दर दाताला वेढा घालत ती पुढच्या दोन दातांना दोन्हीकडून आवळून धरत होती. जमुनेनं सुई उलटी धरली, टोक आपल्या चिमटीत आणि नेढं पुढं, आणि दोरा तारेखालून अलगद ओढून दाताच्या कडेनं वरखाली फिरवला. भाकरीचा एक कण निघाला. तो बोटावर घेऊन तिनं त्याच्या डोळ्यांपुढं धरला.

"चूळ भरली म्हनत होते ना?"

"भरली त होती. कन हुशार निंगाला."

ही पूजा पोळ्यापासून रोज चालू होती. पोळ्याच्या सकाळी शालिकराम बैलाच्या शिंगांना बेगड लावत होता. बैलाच्या कानात माशी शिरली की काय कोण जाणे, त्यानं मान झटकली आणि शिंग नेमकं शालिकरामच्या तोंडावर बसलं. समोरचे दोन दात आत वळून लटलटू लागले. दुसऱ्या कुणाचे दात असते तर गाव दोन दिवस हळहळलं असतं आणि तिसऱ्या दिवशी हसलं असतं. पण हे दात रुक्मिणीचे होते. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत गावची मंडळी कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या लग्नाचा खेळ करत, आणि त्यात मिशा उतरवून रुक्मिणी व्हायचा मान शालिकरामचा होता. एरवी तो मळ्यात वांगी आणि शेवंती पिकवणारा साधा माणूस. लुगडं नेसून उभा राहिला की मात्र बायासुद्धा आपला पदर सारखा करत. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. माहेरच्या बाया नखापासून केसापर्यंत सगळं निरखून पाहणार, आणि बोळक्या रुक्मिणीची विनवणी ऐकून तर देवीलाही हसू आलं असतं.

म्हणून त्याच दिवशी जमुना त्याला सर्व्हिस मोटारीनं अमरावतीला घेऊन गेली होती. तिथं कलकत्त्याहून शिकून आलेले ओमप्रकाश नावाचे दातांचे डॉक्टर होते. त्यांनी दात जागेवर आणले. पण ते धरून ठेवायला बारीक तार हवी, चांदी तोंडात काळी पडते, सोनं असेल तर उत्तम, असं त्यांनी बाहेर येऊन जमुनेला सांगितलं. सणाची नथ तिच्या नाकातच होती. तिनं ती काढली, मोती सोडवून पदराच्या गाठीला बांधले आणि सराफ्यातल्या सोनाराकडून नथीची तार बारीक ओढून आणली. नथ तिच्या आईची होती. शालिकरामला कळतं तर तो म्हणाला असता, जाऊ दे दात. तेव्हा तिनं त्याला सांगितलं की तार डॉक्टरांकडची आहे, पितळेची. आणि नथीचा मोती सैल झाला म्हणून ती सोनाराकडं टाकली आहे. नाकाचं भोक बुजू नये म्हणून त्यात कडुनिंबाची काडी घालून ती मोकळी झाली.

डॉक्टरांची अट मात्र कडक होती. खाल्ल्याबरोबर दात साफ झाले पाहिजेत. तारेखाली घाण राहून हिरड्यांत पू झाला, तर दोन्ही दात काढून टाकावे लागतील.

तेव्हापासून शालिकरामच्या तोंडावर जमुनेचा पहारा बसला. त्याची राखुंडी बंद झाली, कारण तिचे खडे तारेत अडकत. तिच्या जागी कडुनिंबाची काडी आली, चावून चावून मऊ कुंचा केलेली, आणि वर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. गूळ गेला, ऊस गेला, ओल्या शेंगा गेल्या. शेषराव नावाचा एक गडी रुक्मिणीची भाषणं पाठ करून टपून बसला होता. तो येताजाता शालिकरामच्या हातात उसाचं कांडं ठेवायचा आणि मोठ्या मायेनं म्हणायचा, "खाय ना भाऊ, एकानं काय होते?" जमुना ते कांडं त्याच्यादेखत गाईपुढं टाकायची.

आणि शालिकरामला तर या कामाची चटकच लागली. आरशाचा तुकडा घेऊन तो मळ्यातसुद्धा दात पाहायचा.

"पाह्य," तो बायकोला म्हणायचा, "पितळ हाये, पन हिरवं पडू देलं काय म्या? घासाले हिंमत लागते."

"लागते त," जमुना म्हणायची आणि खाली मान घालून हार ओवत राहायची. हसू दाबताना तिची सुई दोनदा फुलाऐवजी बोटात गेली.

यात्रेच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. त्यांनी दात हलवून पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या.

"मसूडे एकदम साफ," डॉक्टर म्हणाले. "दांत पक्के बैठ गये."

"मंग काढा तार," शालिकराम उतावळा झाला.

"तार और पंद्रह दिन रहेगी."

शालिकरामचं तोंड उतरलं. मग त्याला आपलं कर्तृत्व आठवलं. "पन पितळ पाहा डाक्टरसाब. चमकून राहिलं का नाई?"

डॉक्टरांनी जमुनेकडं पाहिलं. जमुना खिडकीबाहेर पाहू लागली.

"बहुत अच्छा संभाला है," डॉक्टर म्हणाले.

खेळ बसवणारे म्हातारे नत्थुजी गावात वाट पाहत होते. तार राहणार हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, शेषरावाकडं पाहिलं, त्याचा जाडाभरडा जबडा पाहिला आणि पुन्हा शालिकरामकडं वळले. "तूच हो. पन ओठ मिटून हासजो. दात दिसले त याद राख."

पौर्णिमेला वर्धेच्या काठी माणूस मावत नव्हता. पाळणे, रेवड्या, बांगड्यांची दुकानं, आणि बैलगाड्या पार दूरवर सोडलेल्या. दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या आणि बाया जागा धरून बसल्या. तेवढ्यात जमुनेला निरोप आला की रुक्मिणीला नथ पाहिजे. दरवर्षी रुक्मिणी जमुनेचीच नथ घालत असे. जमुनेनं हारांच्या टोपलीतल्या कुंदाच्या कळ्या घेतल्या, मधे झेंडूची एक लाल पाकळी ओवली आणि बोलता बोलता कळ्यांची नथ केली.

ती घेऊन जमुना पडद्यामागं आली. आत नत्थुजी शालिकरामचं तोंड रंगवत होते. त्यांचा आवाज ऐकून तिचे पाय जागीच थांबले.

"अबे शालिक, हे पितळ नोहे."

"पितळच होय. मी रोज घासतो."

"तू घासतो म्हनून पितळाचं सोनं होते काय? इतके दिवस तोंडात राह्यलं अस्तं त पितळी गडव्याच्या बुडावानी हिरवं पडलं अस्तं. हे सोनं होय, बाप्पा. कोनं देलं तुले?"

जमुनेला वाटलं, तसंच परत जावं. पण घंटा झाली. तिनं पडदा जरासा सारला आणि कळ्यांची नथ पुढं केली. आतून रंगवलेला, बांगड्या भरलेला हात आला. त्या हातानं नथ घेतली, आणि जमुनेची बोटंही धरली. नत्थुजींनी हाक मारली तेव्हा ती सुटली.

जमुना बायांत येऊन बसली आणि खेळ रंगला. देवीपुढची विनवणी रुक्मिणीनं अशी म्हटली की बाया डोळे पुसू लागल्या. एकही अक्षर दातांतून निसटलं नाही. जमुनेचा जीव भांड्यात पडला. मग कृष्णाचा रथ आला. आता रुक्मिणीनं खाली मान घालून, ओठ मिटून हसायचं आणि त्याचा हात धरायचा.

रुक्मिणीनं मान वर केली. तिनं कृष्णाकडं पाठ केली, बायांच्या बाजूला वळली आणि सगळे दात दाखवून हसली. गॅसबत्तीच्या उजेडात तार झळकली.

"माय वं, रुखमिनीच्या दातात सोनं हाये," पुढची एक बाई म्हणाली.

"असनच. राजाची पोर हाये," दुसरी म्हणाली. मग तिचं लक्ष शेजारी बसलेल्या जमुनेकडं गेलं. "अन तू यात्रेच्या दिवशी नाकात काडी घालून काहून आली वं? नथ नाई काय तुले?"

"हाये ना," जमुना म्हणाली. "लगनाले गेली हाये."

पडद्याआडून नत्थुजी तोंड मिटायच्या खुणा करत होते आणि कृष्ण हात पुढं करून ताटकळला होता. रुक्मिणी अजून बायांकडंच पाहत होती.