नळीतून उतरलेली गल्ली

बाटलीतला पहिला थेंब नळीत उतरला आणि त्याच्यामागून तात्या तांबट उतरले. आधी काठी बाहेर आली, मग धोतर सावरत ते स्वतः. माझ्या खुर्चीच्या हातावर बसून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ते वारले तेव्हा मी मराठी शाळेत जात होते. त्यांच्या अंगाला अजून चिंचेचा आणि तांब्याचा वास येत होता.

"एका पेशंटजवळ एकच नातेवाईक," मार्था सिस्टर म्हणाल्या.

"नातेवाईक नाही, गल्लीतले आहेत," मी म्हटलं. थेंबांचा वेग बघून त्या बाहेर गेल्या.

ते येणार हे सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या टाचेवरचा कर्करोगाचा काळा डाग कापून काढला, तरी त्याची माणसं जांघेतल्या गाठीत जाऊन लपली होती. "तुमच्या अंगात पहारेकरी आहेत, पण त्यांना झोपवून ठेवलंय," डॉक्टर म्हणाले. "हे औषध त्यांना जागं करतं. फक्त कधीकधी ते घरच्यांवरच काठी उगारतात." सुई टोचताना मार्था सिस्टरांनी पुन्हा बजावलं होतं, "खाज, थंडी, दम, छातीत जड, काहीही वाटलं तर लगेच सांगायचं. आज्जी, सहन करायचं नाही." मी मान हलवली. सहन करायचं नाही, असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

थेंबामागून थेंब येत होते. भीमू पैलवान आला. गंगूकाकू धान्य पाखडायचं सूप घेऊन आली. चोरांची आवई उठली की आमच्या गल्लीत हीच माणसं गस्त घालत. अंधारात कोणी दिसलं की तात्या ओरडत, "कोण?" त्यावर "घरचं!" एवढंच म्हणायचं. मग काठी खाली येई.

त्यांनी लगेच काम सुरू केलं. पैलवानानं गाठ उघडली आणि गंगूकाकूनं आतलं सगळं सुपात घेतलं. तांदळातले खडे वेचावेत तसे काळे दाणे वेचून ती दाराबाहेर टाकत होती. तिचा हात मला आठवत होता तसाच चालत होता. मला फार बरं वाटलं.

मात्र नवा माणूस उतरला की भिंत हातभर आत सरकत होती. शेजारच्या खुर्च्या भिंतीत गेल्या. मग खिडकी गेली. माझे गुडघे दाराला टेकले.

काळे दाणे संपले तरी सूप थांबलं नाही. गंगूकाकूनं माझ्या गळ्याच्या आत हात घालून फुलपाखरासारखी ग्रंथी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"हे कोणाचं गं?"

"माझंच आहे, काकू. राहू दे."

"तुझं? आणि तू कोण?"

तात्यांनी काठी उचलली. "कोण?"

"घरचं," मी म्हटलं.

"कोणाच्या घरचं?"

"मी वच्छी. भोरे मास्तरांची."

पैलवान हसला. "वच्छी परकर घालते. ही तर माझ्या आजीपेक्षा म्हातारी!"

मी त्यांना सगळं सांगितलं. तात्यांच्या भात्याला कुठल्या बाजूला ठिगळ होतं ते सांगितलं. काकूच्या अंगणातली जाई रोज कोण चोरायचं ते सांगितलं. पैलवानाची आई त्याला घागरीतून दूध पाजायची, तेही सांगितलं. गल्लीतलं एकही दार मी विसरले नव्हते.

"बघा, किती माहिती काढलीय," तात्या म्हणाले. "चोर असाच असतो. आधी सगळी माहिती काढतो."

"वच्छीच्या जागेवर बसलीय भवानी," काकू म्हणाली आणि ग्रंथी सुपात टाकली.

माझ्या हातांना खाज सुटली. ती वर चढत मानेपर्यंत आली. पैलवान माझ्या छातीवर बसला. श्वास आत जायला जागा उरली नाही. दार किलकिलं झालं आणि मार्था सिस्टरांनी तोंड आत घातलं.

"आज्जी, काही होतंय का?"

"काही नाही बाई," मी म्हटलं. "बरी आहे."

सासूबाईंनी विचारलं तरी मी हेच म्हणायचे. बाळंतपणाच्या कळा येत असतानाही हेच म्हटलं होतं. यांच्या शेवटच्या आजारात ताप अंगावर काढून मी उशाशी बसायचे, तेव्हाही हेच. मला "दम लागतोय" म्हणायचं होतं. मी पुन्हा तोंड उघडलं.

"बरी आहे," तोंडातून आलं.

"बरी आहे म्हणते ना," काकू सिस्टरांना म्हणाली. "तुम्ही जा."

दार लागलं. भिंती माझ्या खांद्यांना चिकटल्या.

"खरी वच्छी आणा," तात्या म्हणाले.

बाटलीत एक मोठा थेंब साठला. त्यातून परकरातली मुलगी उतरली. तिच्या वेण्या वर बांधलेल्या होत्या आणि कोपर खरचटलेलं होतं. सगळ्यांनी तिला ओळखलं. काकूनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांनी मला उठवलं, तिला खुर्चीत बसवलं आणि माझ्या हातातली सुई काढून तिच्या हातात लावली. खोलीत मला उभं राहायला जागा नव्हती. एकच जागा रिकामी होती, म्हणून मी नळीत गेले.

मार्था सिस्टर पुन्हा आल्या.

"काही होतंय का गं?"

"हो," मुलगी म्हणाली. "अंग खाजतंय. दम लागतोय. हा माणूस माझ्या छातीवर बसलाय."

"शहाणी ती! बरं झालं सांगितलंस." सिस्टरांनी नळीवरचं चाक फिरवलं. माझ्या पायाखाली नळी चपटी होऊन बंद झाली. वरचा थेंब लोंबत राहिला. सिस्टरांनी दुसऱ्या सुईनं मुलीला औषध दिलं आणि डॉक्टरांना हाक मारली. पैलवान कान पाडून खाली उतरला.

"आज्जी कुठे गेल्या?" सिस्टरांनी विचारलं.

मुलीनं बोट दाखवलं.

सिस्टरांनी नळी उजेडात धरली. त्यांचा डोळा इतका जवळ आला की मला दुसरं काहीच दिसेना.

"आज्जी," त्या म्हणाल्या, "काही होतंय का?"

"हो" म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात वरचा थेंब सुटला.