जनुक परत घातलं तेव्हा

थोरलीला आता कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. प्रयोगशाळेत सगळे तिला थोरलीच म्हणत, कारण पीएचडी करणाऱ्यांत ती वयानेही मोठी आणि सर्वांत जुनीही. सात वर्षं! तेवढ्यात तिचं लग्न झालं, लेक झाली, लेक शाळेत जायला लागली आणि बाईसाहेब अजून त्याच स्टुलावर. आईचा दर रविवारी फोन यायचा, "झालं का गं?" "होत आलंय." होत आलंय, होत आलंय करता करता शेवटी आईनेच विचारायचं सोडून दिलं.

काम होतं एका यीस्टवर. पाव फुगवणारं साधंभोळं यीस्ट नव्हे हं. अशक्त माणसाच्या रक्तात शिरून त्याचा जीव घेणारं. आपल्याला ताप चढतो तेव्हा अंग या आगंतुकाला भाजून काढू बघतं, पण हा चिवट जीव तगतो. कसा तगतो? तर त्याच्या पेशीत जनुकांची एक साखळी असते. ती बाहेरच्या संकटाचा निरोप आत पोचवते आणि पेशी कंबर कसून उभी राहते. थोरलीने त्या साखळीतलं एक जनुक पहिल्या वर्षी काढून टाकलं. तिसऱ्या वर्षी चाचण्या सुरू केल्या, तर ते यीस्ट उष्णतेत आणि मिठात पटापट मरायला लागलं. मग काय, तिचे मार्गदर्शक सर अख्ख्या इमारतीत सांगत सुटले. या जनुकावर औषध निघणार म्हणे! पुढे प्रबंध लिहून झाला, परीक्षकाकडे गेला.

परीक्षक खमक्या निघाला. काढलेलं जनुक परत घालून दाखवा, म्हणाला. मागणी रास्तच होती. जनुक परत घातल्यावर यीस्ट पुन्हा धडधाकट झालं, तरच दोष त्या जनुकाच्या नसण्याचा, नाहीतर कशावरून? थोरलीने कपाळावर हात मारून घेतला आणि सहा आठवडे ते काम केलं.

सोमवारी सकाळी इन्क्युबेटरच्या उबेतून प्लेट्स, म्हणजे यीस्ट वाढवायच्या चपट्या बशा, काढल्या. जनुक परत घातलं होतं, तरी मिठाच्या प्लेटवर यीस्ट उगवलंच नव्हतं.

"पुन्हा कर," सर म्हणाले. सर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांनाही आता या प्रकरणाचा कंटाळा आला होता. "येईपर्यंत कर. तू पण ना, उगाच टेन्शन घेतेस."

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग मात्र ती तळघरातल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरकडे गेली, बर्फ खरवडून पहिल्या वर्षी गोठवून ठेवलेली आपलीच नळी शोधून काढली आणि त्यातलं जनुक काढलेलं मूळ यीस्ट मिठाच्या प्लेटवर लावलं. तीन दिवसांनी बघते तर काय, दाट, पांढरंशुभ्र उगवलेलं! जनुक नाही, तरी ठणठणीत.

काय झालं ते तिला तिथल्या तिथे कळलं. या कामात एक नियम असतो: प्रत्येक नवा प्रयोग गोठवलेल्या नळीतून सुरू करायचा. प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलं तर यीस्ट पिढ्यान् पिढ्या वाढतं आणि नकळत बदलतं. तिसऱ्या वर्षी थोरलीला सातवा महिना होता. लिफ्ट बंद, तळघराचे जिने उतरायचे, फ्रीजरच्या तळाशी वाकायचं. एवढ्या वेळेला चालेल, म्हणून तिने हाताशी असलेल्या फ्रीजमधल्या जुन्या प्लेटवरचं घेतलं. मग त्यावरून दुसऱ्या, त्यावरून तिसऱ्या. मग तान्ही लेक, जागरणं, आणि तीच सवय. त्या प्लेट्सवर वाढता वाढता यीस्टमध्ये दुसरंच काहीतरी बिघडलं होतं. मिठात मरत होतं ते त्या बिघाडाने. तिचं जनुक बिचारं निर्दोष होतं.

आणि मेलं मनही असं, की तेवढ्यात एक पळवाट काढून मोकळं झालं. नळीतल्या धडधाकट यीस्टमध्ये जनुक घालायचं, शेजारी प्लेटवरचं मरतुकडं ठेवायचं, फोटो काढायचा. जनुक परत आलं आणि जोर परत आला! कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. एका फोटोवर डिग्री मिळणार होती. तिला मोह झाला, चांगला दोन दिवस झाला. सात वर्षांनी माणूस इतका दमतो की खरंखोटं दोन्ही सारखंच जड वाटतं.

पण धाकटी होती ना. धाकटी म्हणजे प्रयोगशाळेतली नवी विद्यार्थिनी. याच जनुकाला मारक औषध शोधायला सरांनी तिला दीड वर्षापूर्वी जुंपलं होतं. बुधवारी दुपारी थोरलीने तिला समोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पोरगी रडेल, नाहीतर शिव्या देईल, अशी तिची तयारी होती.

धाकटीने यातलं काहीच केलं नाही. तिने खणातून आपली वही काढली, गेल्या वर्षीचं पान उघडलं आणि पुढे सरकवली. फ्रीजरमधल्या नळीतून घेतलं, मिठात उगवलं. पुन्हा केलं, उगवलं. पुन्हा, उगवलं. खाली बारीक अक्षरात: ताईंना विचारलं. माझीच चूक.

"मी तुम्हाला दाखवायला आले होते, ताई. तुम्ही म्हणालात, मीठ घालायला विसरली असशील, तुझा हात बसला नाही अजून. मग मी तुमच्या प्लेटवरचं घ्यायला लागले. मग बरोबर यायला लागलं."

थोरलीला हे आठवतसुद्धा नव्हतं. त्या दिवशी घाईत असेल, लेकीला पाळणाघरातून आणायचं असेल, देव जाणे. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"तरीपण तेव्हापासून भीती बसली," धाकटी म्हणाली. "प्रत्येक प्रयोगाला वाटायचं, आपलंच चुकलं असणार. परवाच सरांना सांगितलंय, मला हे जमत नाही, मी सोडते."

थोरली उठली. वही तिने छातीशी धरली.

"चल सरांकडे. हे पान आधी दाखवायचं."

"पण तुमची सात वर्षं, ताई?"

"ती गेली गं," थोरली म्हणाली. "तुझं दीडच वर्ष गेलंय. चल."